ऑइलचं तापमान आणि माझे पाय

भोसरीच्या कंपनीनं आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. त्यानंतर मी एक जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि ती ट्रॅकवर चालवायला लागलो. हे सांगितलं की लोकांच्या मनात दोन प्रश्न यायचे, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचे. या वयात याला झेपतं का, आणि याला दुसरं काही काम नाही का. पहिल्याचं उत्तर मी देत नसे. दुसऱ्याचं सोपं होतं, दुसरं काही काम नव्हतं.

चाकणच्या पुढे एक छोटा खासगी ट्रॅक आहे. ठरलेल्या रविवारी आपापली गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं आणि आपल्या पाळीची वीसेक मिनिटं जमेल तितक्या जोरात गोल गोल फिरायचं. शर्यत नसते. पहिला कुणी येत नाही, बक्षीस कुणाला मिळत नाही. "मग जाता कशाला?" असं बायकोनं विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बाकीचे म्हणायचे मजा येते. मला मजा वगैरे येत नसे. तेवढा वेळ दुसरं काही आठवत नसे, आणि मला ते पुरत होतं.

माझ्याबरोबर कंपनीतला एक जुना सहकारी यायचा. त्याची मांजरी गावाला उसाची शेती, म्हणून आम्ही सगळे त्याला मांजरीवालाच म्हणायचो. एक गाडी, दोघं चालवणारे. एक पाळी त्याची, एक माझी. त्यामुळे गाडीला विश्रांती म्हणून मिळत नसे, आणि आमचा पहिला घोटाळा तिथेच झाला. लांबलचक उजव्या वळणावर ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला. पाण्याचा काटा मात्र मध्यावर आरामात बसलेला. डॅशबोर्डवर असतो तो काटा पाण्याचा असतो, अहो. तो आपली समजूत काढत राहतो. ऑइल आत किती तापलंय ते साधी गाडी सांगतच नाही, आणि फार तापलं की ते पाण्यासारखं पातळ होतं, बेअरिंगवर टिकत नाही. मग इंजिन जातं.

मी ऑइल फिल्टरच्या वर एक सेन्सर बसवून घेतला आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्याचा छोटा मीटर लावला. मग कळलं. पाणी नव्वदला स्थिर, आणि ऑइल एकशे वीस, पंचवीस, तीस असं निवांत चढतंय. त्यानंतर मी शिस्त लावून घेतली. ऐंशी डिग्री होईपर्यंत गाडीला दामटायचं नाही. शंभर ते एकशे पंधराच्या मध्ये ऑइल खूश असतं, तेव्हा चालवून घ्यायचं. एकशे पंचवीस दिसलं की पाय काढायचा आणि एक फेरी वरच्या गिअरमध्ये सावकाश मारायची. पाळीची शेवटची फेरी तर सावकाशच, आणि आत येऊन लगेच इंजिन बंद करायचं नाही. मांजरीवाल्याला ही शेवटची फेरी म्हणजे फुकट घालवलेली फेरी वाटायची. त्यावरून आमची दर वेळी वादावादी व्हायची. त्या वादात मी रंगून जात असे. दुसऱ्या कशात तेव्हा मी रंगत असे असं मला आठवत नाही.

घरी बायको म्हणायची, "माणसाचा पारा किती चढलाय ते तुम्हाला कधी कळलं नाही. ऑइलचा बरा कळतो, डिग्रीत." टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. तिची आई गेली तेव्हा मी ॲम्ब्युलन्स, दाखला, वैकुंठ स्मशानातली वेळ, सगळं चोख केलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. नंतर तेराव्याला ती एवढंच म्हणाली, "अहो, जरा जवळ बसायचं होतं." मला वाटलं होतं कामं उरकणं म्हणजेच जवळ बसणं. मला वाईट वाटलं होतं का, हे मी नंतर आठवून बघितलं. नीट सांगता येत नाही.

तर ऑइल. कूलर बसवायचं चाललं होतं, पण त्यासाठी बंपर कापावा लागणार होता, आणि पुण्यातला माणूस बंपर कापायचा निर्णय एका हंगामात घेत नाही. तोवर मी एक जुनी युक्ती करायचो. गाडीचा हीटर पूर्ण सोडायचा. हीटर इंजिनातल्या पाण्याचीच उष्णता घेऊन ती आत सोडतो, पाणी थोडं निवतं, पाण्याबरोबर ऑइलही निवतं. मीटर पाच-सहा डिग्री खाली येतो. आत बसलेल्या माणसाचं काय होतं, हा वेगळा विषय. मे महिना होता. खिडक्या उघड्या, हीटर पायांवर फुल्ल.

त्या दिवशी मांजरीवाला शेजारी बसला होता. दुसऱ्याच फेरीत त्यानं दोन्ही गुडघे छातीशी घेतले.

"आरं, बंद कर की ते. पाय भाजायला लागलं माझं."

मला वाटलं नाटक करतोय. त्याला सवय होती. मी म्हटलं, "एकशे सव्वीस आहे, जरा दम धर."

"तुझं भाजत न्हाईत का?"

नव्हते भाजत. मी सावकाश फेरी मारून आत आलो, गाडी उभी केली आणि खाली वाकून माझ्या पेडलांजवळच्या झरोक्याला हात लावला. हात चटकन मागे आला. माझे पाय इतका वेळ तिथेच होते, पातळ तळाच्या बुटांत. त्यांनी काही म्हणजे काही कळवलं नव्हतं. मी बूट काढून पाय बघितले. पावलं लाल झाली होती. मी बोटानं दाबून पाहिलं, बोटाला पाय लागला, पायाला बोट लागलं नाही.

मग मागच्या कितीतरी गोष्टी जुळल्या. जिन्यात चप्पल पायातून निघून जायची आणि मी तसाच पुढे जायचो. बायको वरून हाक मारायची, "अहो, चप्पल राहिली." आम्ही दोघं ते माझ्या धांदरटपणाच्या खात्यात टाकत होतो. साखर मला बऱ्याच वर्षांची. गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे साखरेचं काम झालं असा माझा हिशोब होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. मला काका म्हणाली. मला काका म्हटलेलं आवडत नाही, पण तिनं विचारलं नव्हतं. तिच्याकडे नायलॉनचा एक जाडसर दोरा होता. "काका, डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. तिनं सुरू कधी करायचं ठरवलंय असं मी विचारणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "झालं." मी एकदाही हो म्हणालो नव्हतो.

तिनं मग समोर बसवून स्पष्ट सांगितलं. गेलेली जाणीव परत येईल असं धरून चालू नका. आता पायाला जपायचं. टोचलेलं कळणार नाही, भाजलेलं कळणार नाही. रोज तळवे आरशात बघायचे. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा. "जखम झाली तर तुम्हाला समजणार नाही, आणि साखरेमुळे ती भरणार नाही. मग बोट जातं. नंतर पाय." हे तिनं आवाज न चढवता सांगितलं, ते मला आवडलं.

घरी येताना बायको गाडीत रडत होती. मी चालवत होतो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला मी विचारलं, "काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"तळव्यांना नाही," मी म्हणालो. मला वाटलं विनोद झाला. सिग्नल सुटला आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

खरं सांगायचं तर मला काही वाटत नव्हतं. भीती नाही, चिडचिड नाही. अमुक गोष्ट अशी आहे, एवढंच डोक्यात. ट्रॅकवर मी त्यानंतर एकदाच गाडी चालवली, पावसाळ्याच्या आधी. ब्रेक दाबला असं मला वाटलं आणि इंजिनचा आवाज वाढला. पाय ब्रेकवर नव्हता. गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली, कुणाला काही झालं नाही. मी किल्ली काढून मांजरीवाल्याच्या हातात दिली आणि सांगितलं, यापुढे तू चालव, मी शेजारी बसून ऑइल सांगतो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला बहुतेक मी रडेन वगैरे वाटलं असावं. मी त्याला म्हटलं, मातीत गेलीय तर एअर फिल्टर झटकून घेऊ.

बायकोनं घरात माझ्यासाठी वेगळ्या मऊ सपाता आणल्या. बेडरूमच्या, बाथरूमच्या, देवघराजवळच्या. खुंटीला आरसा टांगला. रोज झोपायच्या आधी "तळवे बघितले का?" असं विचारायची. मी हो म्हणायचो, आणि बघतही होतो. पावसाळाभर पाय नीट राहिले. दिवाळीच्या आधी ट्रॅक पुन्हा सुरू होणार होता.

त्याआधी दसरा. आता दसऱ्याचं सांगायला हवं. कंपनीत खंडेनवमीला आम्ही आपापलं मशीन पुसून-धुऊन लख्ख करायचो, जुनं ऑइल काढून नवं भरायचो आणि मग पूजा. त्या दिवशी मशीनजवळ बूट घालून कुणी जात नसे. साहेब लोकसुद्धा दाराशी बूट काढून मोज्यांवर यायचे. इतकी वर्षं ते केल्यावर अंगात मुरतं. निवृत्तीनंतर मशीन राहिलं नाही, तर मी तेच गाडीच्या बाबतीत करायला लागलो. नवं ऑइल आणि मग हार. माझा देवावर फार विश्वास आहे असं नाही. पण ऑइल बदलल्याशिवाय गाडीला हार घालणं मला लबाडी वाटते.

ऑइल काढायचं तर गरम असताना. गार ऑइल जाड असतं, मळ तळाला धरून ठेवतं. गरम असलं की सगळं घेऊन खाली येतं. म्हणून मी अंघोळ करून सकाळीच गाडी काढली आणि सिंहगड रस्त्यानं खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. रस्ता मोकळा होता. परत सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलो तेव्हा मीटर त्र्याण्णव दाखवत होता. मला समाधान वाटलं. गाडी पुढून लाकडी उतारावर चढवली, खाली ट्रे सरकवला, शेजारी पाट घेतला. चपला खांबापाशी काढून ठेवल्या. हातात जाड रबरी मोजा घातला. हाताला चटका बसतो म्हणून.

या वाक्यापाशी मी आजही जरा थांबतो. हाताला मोजा घातला आणि पाय उघडे ठेवले. डॉक्टरनं सांगितलेलं विसरलो होतो का? नव्हतो. ते घरातल्या पायांसाठी होतं, बाथरूमसाठी होतं. खंडेनवमी असो की दसरा, पूजेच्या दिवशी मशीनपाशी चपला घालून बसायचं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तळाच्या बोल्टचे शेवटचे आटे सुटले की ऑइल सरळ खाली पडत नाही, पहिली धार बाहेर उसळते. मला हे माहीत होतं, म्हणून ट्रे पुढे सरकवलेला होता. तरी धार काठावरून गेली. फरशीवर काळं पसरताना मी बघितलं आणि ट्रे डाव्या हातानं ओढून घेतला. डावं पाऊल तिथेच होतं, गाडीखाली पुढे केलेलं. फरशी खराब झाली म्हणून मी चुकचुकलो. बाकीचं ऑइल छान उतरलं. नवा फिल्टर लावला, बोल्ट घट्ट केला, नवं ऑइल ओतलं, काडीवर पातळी बघितली.

मग पाय काळा झालेला दिसला. तो मी कपड्यानं पुसला. निघेना, म्हणून नळावर जाऊन कपडे धुण्याचा साबण लावला आणि काथ्याच्या ब्रशनं घासला. चांगला जोर लावून घासला.

बायको पूजेचं ताट घेऊन खाली आली. आदल्या दिवशी तिनं मंडईतून झेंडू आणून हार स्वतः ओवला होता. गाडीपासून नळापर्यंत माझ्या पावलांचे काळे ठसे उमटले होते. तिनं ते बघितले आणि म्हणाली, "अहो, काय ही फरशी. सेक्रेटरी बोलेल ना." मी म्हटलं, रॉकेलनं पुसतो. आम्ही दोघांनी फरशी बघितली. मी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी देखणी दिसत होती. संध्याकाळी मोजे-बूट घालून आम्ही सगळ्या सोसायटीत सोनं वाटून आलो, जिने चढून-उतरून. घरी आलो तो दमून मोज्यांसकट आडवा झालो. आरसा त्या दिवशी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादर घडी करत होती. पायथ्याशी पिवळट ओला डाग होता. ती डागाकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय दाखवा."

मोजा निघाला नाही. तो भिजवून काढावा लागला, आणि त्याच्याबरोबर जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

हॉस्पिटलात भेटेल तो एकच विचारायचा. नर्स, सर्जन, केसपेपर काढणारा माणूस. एवढं झालं तेव्हा दुखलं नाही? नाही. मग घासलं तेव्हा? नाही. सर्जननं पाय वाचेल म्हणून सांगितलं, पण जखम आत गेली होती. करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. शुद्धीवर आल्यावर मी पायाच्या पांघरुणाकडे बघितलं. तिथे काहीतरी कमी झालंय हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागणार होतं. बायको स्टुलावर बसून माझा हात धरून होती. तो हात मला कळत होता.

गाडी मांजरीवाल्यानं नेली. कूलर बसवू या म्हणाला, बंपर कापू या म्हणाला. मी काप म्हटलं. ट्रॅक सुरू झाला त्या रविवारी त्याचा फोन आला. "एकशे नऊ. वरती जातच न्हाई." मी बरं म्हटलं. चांगली बातमी होती. मला तिचं काय करायचं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, शेवटची फेरी सावकाश मारलीस का. मारली म्हणाला.

ड्रेसिंग घरीच करायचं होतं. नर्सनं बायकोला शिकवलं. सकाळी चहा झाला की ती जमिनीवर प्लॅस्टिक अंथरते, माझा पाय मांडीवर घेते, चष्मा लावते आणि जुनं गॉज सलाइनच्या पाण्यानं भिजवून एकेक पदर सोडवते. गॉज सोडवताना ती दर वेळी विचारते, "दुखतंय का?" आणि मी दर वेळी खरं ते सांगतो, "नाही."

परवा तिनं विचारलं आणि मी नाही म्हटलं, तर ती थांबली. चिमटा हातात तसाच. गॉजचं एक टोक सुटलेलं, बाकीचं आत चिकटलेलं.

"मी एवढं हळू करते," ती म्हणाली, "एक तास जातो माझा. कुणासाठी करते हळू?"

मी सलाइनची बाटली तिच्याजवळ सरकवली.

"अहो, खोटं तरी बोला."

तिनं मान खाली घातलेली होती. केसांत भांगापाशी पांढरं झालंय बरंच, ते मला तिथून दिसत होतं. पाय तिच्या मांडीवर होता, मला त्याचं वजनसुद्धा कळत नव्हतं, आणि ती मात्र तो फुलासारखा धरून बसली होती. मला वाईट वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण ते मला स्पष्ट कळलं. खूप वाईट वाटलं.

तिनं चिमट्यानं गॉजचं टोक धरून जरासं ओढलं.

"थोडं दुखतंय," मी म्हणालो.

तिचा हात लगेच थांबला. "हो? सावकाश करते हं," ती म्हणाली, आणि गॉजवर पुन्हा पाणी सोडलं.